हाक वेळेवर पोचावी म्हणून
मच्छीमार नौकांवरील यंत्रे आणि त्यांतील आज्ञावलीची देखभाल

डिसेंबर २०१७ च्या आरंभी देवगड बंदरात अनपेक्षित गर्दी झाली. ‘ओखी’ चक्रीवादळाच्या तडाख्यातून सुटलेल्या ६८ नौका उत्तरेकडे येत येत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. त्यांपैकी ६६ केरळच्या व २ तामिळनाडूच्या होत्या. त्यांवरील ९५२ मच्छीमार सुखरूप होते. इकडे त्यांच्या गावी मात्र घरोघरी आकांत चालला होता. कारण किनाऱ्यापासून काही मैल आत गेले की मोबाईलचे संकेत संपतात, आणि खोल समुद्रातून ‘आम्ही जिवंत आहोत’ एवढे तीन शब्द कळविण्याचे साधन त्यांतील बहुतेकांजवळ नव्हते. त्या वादळात सापडलेले कित्येक मच्छीमार पुढे परतलेच नाहीत.

याच देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या दक्षिणेस, मिठबाव हे गाव आहे. समुद्राकाठच्या टेकडीवरचे गजबादेवीचे देऊळ, लांबवर पसरलेली पुळण आणि पलीकडे तांबळडेगचा किनारा, अशी या गावाची ओळख. मालवण ते देवगड या पट्ट्यातील अशा गावांत मासेमारी हा पिढीजात व्यवसाय आहे. रापणीसारखी काठालगतची मासेमारी करणाऱ्यांच्या घरांतूनच आज यांत्रिक नौकांवर जाणारे तांडेल व खलाशी निघतात. त्यामुळे नौकेवरील संदेशयंत्राचा प्रश्न हा येथील ग्रामपंचायतींचा, मच्छीमार सहकारी संस्थांचा आणि किनाऱ्यावरील शाळांचाही प्रश्न आहे.

ओखीनंतर या दिशेने प्रयत्नांना वेग आला. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे ‘जेमिनी’ हे उपकरण ९ ऑक्टोबर २०१९ रोजी सुरू झाले. ‘गगन’ प्रणालीच्या उपग्रहांमार्फत वादळाची सूचना नौकेपर्यंत पोचविण्याची सोय त्यामुळे झाली. मात्र ही वाट एकेरी होती. किनाऱ्याचे बोलणे नौकेला ऐकू येई, नौकेचे किनाऱ्याला येत नसे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘इस्रो’ने, तयार केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात होते. त्यातून निघालेली हाक उपग्रहावरून बंगळूर येथील केंद्रात व तेथून तटरक्षक दलाकडे जाते. पण त्याचीही वाट एकेरीच, फक्त उलट दिशेची. हाक पोचली की नाही हे बुडणाऱ्या माणसाला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत पोच मिळण्याची व्यवस्था झाली. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ झाला, तीत सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून किनारी राज्यांतील एक लाख यांत्रिक व यंत्रचलित नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले, दोन्ही दिशांनी संदेश नेणारे ट्रान्सपॉन्डर बसविण्याचे योजिले आहे.

यंत्र बसविणे हा या कामाचा पूर्वार्ध होय. उत्तरार्ध अधिक लांब व कंटाळवाणा असून त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत नाहीत. तो म्हणजे यंत्राच्या पोटातील आज्ञावलीची देखभाल आणि तिच्यात वेळोवेळी सापडणाऱ्या दोषांची दुरुस्ती.

तांडेलाचे काम करणारी प्रणाली

असे संदेशयंत्र वरून साधी पेटी दिसते; परंतु आत एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. उपग्रहांचे संकेत घेऊन नौकेचे स्थान काढणे, ते ठरलेल्या वेळी किनाऱ्याकडे धाडणे, किनाऱ्याहून आलेला संदेश घेऊन तो ब्लूटूथने मोबाईलवर पोचविणे, विजेरीवर लक्ष ठेवणे आणि संकटाची कळ दाबली गेल्यास बाकीचे सर्व बाजूला सारून हाक बाहेर टाकणे. ही कामे करणारा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, बहुधा एकच असतो आणि तो एका क्षणी एकच काम करू शकतो. कोणते काम आधी, कोणते थांबवायचे, थांबविलेले पुन्हा कोठून सुरू करायचे हे ठरविणाऱ्या मूळ आज्ञावलीला रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिला वक्तशीर कार्यप्रणाली म्हणता येईल. जाळे ओढायचे की सुकाणू धरायचे की पाणी उपसायचे, याचा निर्णय नौकेवर तांडेल घेतो. पेटीत तोच अधिकार या प्रणालीकडे असतो.

‘वक्तशीर’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजिला आहे. ही प्रणाली फार वेगवान असते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर नौकेने भरतीच्या पाण्यातच आत यावयास हवे. नौका कितीही जोराने आली, पण ओहोटी लागल्यावर आली, तर त्या वेगाचा उपयोग नाही. उलट सावकाश येणारी नौका भरतीच्या आत पोचली तर तिचे काम झाले. वक्तशीर प्रणालीचा कस असाच लागतो. अमुक काम अमुक मुदतीच्या आत होईलच, अशी हमी तिला द्यावी लागते, आणि मुदत टळल्यावर मिळालेले बरोबर उत्तरसुद्धा चुकीचेच धरले जाते.

अशी हमी देता येते काय, याचे गणित १९७३ मध्ये लिऊ व लेलँड या दोघा संशोधकांनी मांडले. ठराविक अंतराने येणाऱ्या व एकमेकांवर अवलंबून नसलेल्या कामांपैकी जे वारंवार येते त्याला वरचे प्राधान्य द्यावे; मग सर्व कामांचा मिळून भार प्रोसेसरच्या क्षमतेच्या सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर कामे कितीही असली तरी कोणाचीही मुदत टळणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिजोरीतील तिसरा हिस्सा रिकामा ठेवणे हिशेबनिसाला उधळपट्टी वाटेल. येथे तो संकटकाळची राखीव गंगाजळी असतो.

सोळाव्या अंशावरील चूक

दोष कसा उद्भवतो हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण पाहणे सोयीचे होईल. मालवणच्या किंचित दक्षिणेकडून १६ अंश उत्तर अक्षांशाची रेषा जाते. एक नौका त्या भागातून उत्तरेकडे चालली आहे. तिचा अक्षांश १५ अंश ५९.९९ मिनिटे आहे, आणि पुढल्याच क्षणी तो १६ अंश ००.०० मिनिटे होणार आहे. यंत्रात अंशाचा आकडा एका खणात व मिनिटांचा आकडा दुसऱ्या खणात ठेवलेला आहे. हाक पाठविणारे काम हे आकडे वाचू लागते. त्याने अंशाचा खण वाचला: १५. एवढ्यात स्थान काढणारे काम मध्येच घुसले आणि त्याने दोन्ही खणांत नवे आकडे लिहिले. मग पहिल्या कामाने उरलेला खण वाचला: ००.००. अशा रीतीने १५ अंश ००.०० मिनिटे असे स्थान किनाऱ्याला कळविले गेले. हे स्थान दक्षिण गोव्यातील काणकोणच्या समोर येते. साठ सागरी मैलांची, म्हणजे १११ किलोमीटरांची चूक झाली. शोधनौका तिकडे जाईल आणि नौका मालवणसमोर बुडेल.

यात प्रत्येक काम आपापल्या परीने निर्दोष आहे. दोष आहे तो दोघांच्या गाठ पडण्याच्या क्षणात. तो क्षण एका सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाएवढा असतो. त्यामुळे हजारो फेऱ्यांत एखाद्या वेळीच ही चूक घडेल. प्रयोगशाळेतील मेजावर तर ती कधीच घडणार नाही, कारण मेजावरची पेटी अंशाची रेषा ओलांडीतच नाही! म्हणून जाणते अभियंते यंत्राला खोट्या प्रवासाचे संकेत पुरवितात आणि त्याला अंशांच्या सीमारेषांवरून हजारो वेळा पुढेमागे नेतात.

अशा दोषाचा आणखी एक खट्याळ स्वभाव आहे. आत काय चालले आहे ते कळावे म्हणून अभियंता जागोजाग नोंदी करणाऱ्या आज्ञा घालतो. त्या नोंदींना थोडा वेळ लागतो, कामांची गाठ पडण्याची वेळ सरकते आणि दोष नाहीसा होतो. नोंदी काढल्या की तो पुन्हा हजर. तपासणी अधिकारी शाळेत आला म्हणजे वर्ग शांत बसतो, त्यातलाच हा प्रकार. यामुळे नोंदी अत्यंत थोड्या वेळात, स्मृतीच्या एका राखीव कोपऱ्यात लिहून ठेवाव्या लागतात, आणि नंतर सावकाश वाचाव्या लागतात.

या दोषावरचा उपाय सांगायला सोपा आहे. दोन्ही खण मिळून एकच वस्तू मानायची आणि तिला एक कुलूप लावायचे. एकजण वाचीत वा लिहीत असेपर्यंत दुसऱ्याने दाराशी थांबायचे. दोष मिटला. परंतु कुलूप आले की त्याच्याबरोबर दुसरा दोष येण्याची शक्यता निर्माण होते, आणि या दुसऱ्या दोषाने एका जगप्रसिद्ध मोहिमेची झोप उडविली होती.

एकच शिक्का आणि मंगळावरचे यान

तालुक्याच्या कचेरीत एकच शिक्का आहे, अशी कल्पना करावी. तो एका कनिष्ठ लिपिकाने दोन मिनिटांच्या कामासाठी घेतला आहे. इतक्यात तहसीलदारांना पूरग्रस्तांच्या मदतीच्या आदेशावर तोच शिक्का उमटवावयाचा आहे. शिक्का हिसकावून घेणे नियमात बसत नाही, म्हणून ते थांबतात. दोनच मिनिटांचा प्रश्न आहे. पण मधल्या दर्जाचे अधिकारी एकामागून एक येतात आणि लिपिकाला आपापल्या कामाला जुंपतात. लिपिक त्यांना नाही म्हणू शकत नाही. त्यामुळे त्याचे दोन मिनिटांचे काम संध्याकाळपर्यंत संपत नाही. कचेरीतील सर्वांत वरिष्ठ व्यक्ती सर्वांत कनिष्ठ व्यक्तीसाठी खोळंबली आहे, आणि मधले सर्वजण आपण काही चुकीचे करीत आहोत हे जाणतही नाहीत. यालाच प्राधान्याची उलथापालथ म्हणतात.

अमेरिकेचे ‘मार्स पाथफाइंडर’ यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. त्याच्या संगणकात ‘व्हीएक्सवर्क्स’ नावाची वक्तशीर कार्यप्रणाली होती. यानाने हवामानाची निरीक्षणे गोळा करण्यास आरंभ केल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर पडत. हवामानाची माहिती गोळा करणारे काम प्राधान्याने खालचे होते. यानातील माहितीची वाहतूक सांभाळणारे काम फार वरचे होते. या दोघांत एक कुलूप सामाईक होते. हवामानाच्या कामाने कुलूप घेतलेले असतानाच मधल्या प्राधान्याची लांबलचक कामे येत, वरचे काम खोळंबे, आणि मुदत टळली हे पाहून सुरक्षाव्यवस्था संपूर्ण संगणकच नव्याने सुरू करी.

दोष शोधण्याची रीत येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. यान सुमारे १९ कोटी किलोमीटर दूर होते. तेथे जाऊन पेटी उघडणे शक्य नव्हते. परंतु पृथ्वीवर त्याची हुबेहूब प्रतिकृती राखून ठेवलेली होती. तिच्यावर नोंदणीची सोय चालू करून तीच परिस्थिती पुन्हापुन्हा निर्माण करण्यात आली आणि अखेरीस दोष त्या प्रतिकृतीतही प्रकटला. नोंदी वाचल्यावर कारण स्पष्ट झाले. उपायही प्रणालीत आधीपासूनच उपलब्ध होता, केवळ त्या कुलपासाठी तो बंद ठेवलेला होता. तो चालू करणारा छोटासा बदल मंगळावर पाठविण्यात आला आणि संगणकाचे आपोआप बंद पडणे थांबले. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हे लक्षण क्वचित दिसले होते. परंतु ते पुन्हा घडविता न आल्यामुळे त्याचा पाठपुरावा झाला नव्हता, ही गोष्ट त्या चमूने पुढे मोकळेपणाने नमूद केली.

तो उपाय लिपिकाच्या भाषेत असा सांगता येईल: ज्या शिक्क्यासाठी तहसीलदार थांबले आहेत, तो हाती असेपर्यंत लिपिकाला तहसीलदारांचा दर्जा द्यावा. मग मधल्या कोणालाही त्याला बाजूला घेता येणार नाही. दोन मिनिटांत काम संपेल, शिक्का सुटेल आणि लिपिक पुन्हा लिपिक होईल. शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये या पद्धतीचे सविस्तर शास्त्र प्रसिद्ध केले. त्यांतील राजकुमार हे मूळचे भारतीय.

यानाचा संगणक नव्याने सुरू करणाऱ्या यंत्रणेला ‘वॉचडॉग’ म्हणतात. हा एक पहारेकरी असतो. ठराविक वेळाने कोणीतरी ‘सर्व ठीक’ असे त्याला सांगावे लागते. तसे न झाल्यास तो संपूर्ण यंत्र नव्याने सुरू करतो. नौकेवरील पेटीला असा पहारेकरी हवाच, कारण भर समुद्रात अभियंता येणार कोठून? मात्र त्याचा एक तोटाही आहे. तो दोष झाकून टाकतो. दिवा क्षणभर विझून पुन्हा लागतो आणि ‘चालू आहे ना, मग झाले’ अशी समजूत होते. प्रत्येक वेळी यंत्र का व केव्हा नव्याने सुरू झाले याची नोंद पेटीत राहिली नाही, तर पहारेकरी आणि चोर एक झाले असे म्हणावे लागेल.

मोजणी संपते तेव्हा

वक्तशीर यंत्राला घड्याळ लागते आणि घड्याळाचे आकडे कोठेतरी संपतात. बत्तीस खणांच्या मोजणीत सहस्रांश सेकंद मोजले तर ४९ दिवस १७ तासांनी खण भरतात आणि आकडा शून्यावर येतो. पावसाळी बंदी उठल्यावर १ ऑगस्टच्या पहाटे सहा वाजता चालू केलेले आणि मध्ये कधीही बंद न केलेले यंत्र १९ सप्टेंबरच्या रात्री अकराच्या सुमारास या टप्प्यावर येईल. आज्ञावली लिहिणाऱ्याने ही वेळ लक्षात घेतली असेल तर काहीही होणार नाही. नसेल, तर ‘पुढील संदेश अमुक वेळी’ असे ठरवून बसलेले काम ती वेळ येण्याची वाट पाहत जवळजवळ पन्नास दिवस गप्प राहू शकते. बोईंग ७८७ या विमानांच्या बाबतीत असाच प्रश्न २०१५ मध्ये उघडकीस आला. वीजजनित्रांच्या नियंत्रकांतील मोजणी सलग २४८ दिवसांनी भरून ओसंडते, म्हणून त्या मुदतीच्या आत त्यांचा वीजपुरवठा एकदा बंद करावा, असा आदेश अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाला काढावा लागला.

जीपीएसच्या बाबतीत तर हा प्रसंग पंचांगासारखा आधीच ठाऊक असतो. या व्यवस्थेतील मूळ संकेतात आठवड्याचा क्रमांक दहा खणांत मावतो; म्हणून दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले. ज्यांची आज्ञावली वेळीच बदलली नव्हती, अशी काही जुनी यंत्रे त्या दिवशी सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली. पुढचा प्रसंग नोव्हेंबर २०३८ मध्ये यावयाचा आहे.

या सर्वांत अतिशय दुःखद असे उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ चे आहे. आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे ‘पेट्रियट’ या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र टिपता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्यू पावले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने मोजीत असे. एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण लिहिता येत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत येत नाही. चोवीस खणांपुढचा भाग कापून टाकल्यामुळे प्रत्येक टोल्यात किंचित चूक राही. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिली तेव्हा ही चूक सुमारे एक तृतीयांश सेकंदाची झाली होती. एवढ्या वेळात ते क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापीत होते.

प्रशासनात काम करणाऱ्यांनी या घटनेचा उरलेला भाग अवश्य पाहावा. दोष त्याआधीच लक्षात आला होता. दुरुस्त आज्ञावली तयार झाली होती. फार वेळ सलग चालविल्यास यंत्रणेचा नेम सरकतो, अशी सूचना २१ फेब्रुवारीस तुकड्यांना गेलीही होती. परंतु ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे त्या सूचनेत लिहिलेले नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करण्यास मिनिटभराच्या आसपास वेळ पुरला असता. दुरुस्त आज्ञावली धाहरानला पोचली ती २६ फेब्रुवारीस, दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी.

देखभाल कोण करतो?

कार्यप्रणाली ही एकदा विकत घेऊन विसरून जाण्याची वस्तू नाही. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेली ‘फ्रीआरटॉस’ ही छोटी प्रणाली जगभरच्या असंख्य उपकरणांत वापरली जाते. तिची जबाबदारी २०१७ मध्ये ॲमेझॉन कंपनीने घेतली. तिच्या काही आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या म्हणून जाहीर होतात. त्यांत नवीन सोयी घातल्या जात नाहीत, केवळ दोषांची दुरुस्ती ठरावीक काळपर्यंत पुरविली जाते. लिनक्स या सर्वपरिचित प्रणालीला वक्तशीर बनविण्याचे काम जवळजवळ वीस वर्षे मूळ प्रणालीच्या बाहेर चालले होते. ते २०२४ मध्ये तिच्या ६.१२ या आवृत्तीत पूर्णपणे समाविष्ट झाले. वीस वर्षांचे हे काम म्हणजे बव्हंशी एकेक कुलूप तपासून पाहणे होते.

मंगळावर गेलेल्या त्याच व्हीएक्सवर्क्सच्या जाळेविषयक भागात २०१९ मध्ये अकरा सुरक्षादोष सापडले. त्यांतील काही तेरा वर्षे पडून होते. प्रणाली बनविणाऱ्यांनी दुरुस्ती तत्परतेने काढली. पण ती जगभरच्या रुग्णालयांतील, कारखान्यांतील व इमारतींतील कोट्यवधी उपकरणांपर्यंत पोचवायची कशी, हा खरा प्रश्न होता. कित्येक ठिकाणी आपल्या उपकरणात कोणती प्रणाली आहे, हेच मालकाला ठाऊक नव्हते.

दुरुस्तीचे काम साधारणतः असे चालते. प्रथम तक्रार येते. मग तोच दोष पुन्हा घडवून दाखवावा लागतो, आणि बहुतेक वेळ यातच जातो. न घडलेल्या दोषाची दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला दगड. कारण सापडल्यावर बदल शक्य तितका लहान ठेवतात व तो दुसऱ्या अभियंत्याकडून वाचून घेतात. नंतर केवळ तोच दोष गेला की नाही एवढे पाहून भागत नाही. पूर्वीच्या सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक कामाला आता जास्तीत जास्त किती वेळ लागतो, हे नव्याने मोजावे लागते. साध्या आज्ञावलीत हा शेवटचा भाग नसतो. येथे मात्र एका कामात घातलेली चार ओळींची भर दुसऱ्या कामाची मुदत हुकवू शकते.

बंदीचे दोन महिने

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू होते आणि सर्वसाधारणपणे ३१ जुलैपर्यंत चालते. या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, डागडुजी व रंगरंगोटी होते, जाळी विणली जातात. यंत्रातील आज्ञावली नवी करण्यास याहून योग्य काळ नाही. मात्र कोकणातील पावसाळ्यात वीज जाणे हे नित्याचेच असते. नवी आज्ञावली अर्धी लिहिली गेली असता वीज गेली, तर पेटी निकामी होऊ शकते. सुरचित यंत्रात यासाठी दोन जागा राखलेल्या असतात. जुनी आज्ञावली एका जागी तशीच राहते, नवी दुसऱ्या जागी उतरते, ती संपूर्ण व अस्सल असल्याची खूण पटल्यावरच यंत्र तिच्याकडे वळते आणि ती नीट चालली नाही तर पुन्हा जुनीकडे परतते. यंत्रांची खरेदी करणाऱ्या कोणत्याही खात्याने वा संस्थेने ही सोय आहे किंवा नाही हे आधी विचारावे. त्याचबरोबर दुरुस्त्या किती वर्षे पुरविल्या जातील, हे करारात वर्षांच्या आकड्यानेच लिहून घ्यावे.

संकटाची कळ ‘चालते का पाहू’ म्हणून दाबणे सर्वथा टाळावे. चाचणीची वेगळी सोय असल्यास तीच वापरावी. खोट्या हाकेने तटरक्षक दलाची नौका वा विमान दुसरीकडे गुंतून पडते. किनाऱ्यावरून शोध व बचावासाठी दलाचा १५५४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर असणे इष्ट होय.

मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवता आली तर देखभालीचे बरेचसे काम सोपे होईल. नौकेचा नोंदणी क्रमांक, यंत्राचा क्रमांक, आज्ञावलीची आवृत्ती, ती बदलल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना मोठा: यंत्र आपोआप बंद झाले काय, केव्हा, किती दिवस सलग चालू होते, नौका कोठे होती. तांडेलाला घड्याळ पाहण्याची सवड नसेल. पण ‘मालवणसमोरून वर येताना’ एवढे तो नक्की सांगू शकेल, आणि मिठबावच्या वहीतील या शब्दांवरून दूरच्या शहरातील एखाद्या अभियंत्याला सोळाव्या अंशाची रेषा तपासून पाहण्याचे सुचेल.